गप्प बसलेलं यंत्र

माझा भाचा पुण्यात रात्रपाळीला संगणकांवर पहारा देतो. पहारा म्हणजे नोंदी वाचणं. त्याआधी यादी हवी, नोंदी कुठून कुठून येणार त्याची. फायरवॉल, स्विच, सर्व्हर, डेटाबेस, झालंच तर यूपीएस. १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी रचलेल्या सिस्लॉगमध्ये निकडीच्या आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे हाहाकार, सात म्हणजे बारीकसारीक बडबड. (आम्हा कवींचं बरंचसं सातातच जाईल.)

या नोंदी पुष्कळदा यूडीपीने जातात, म्हणजे पोचपावती नाही. वाटेत हरवली तर धाडणाऱ्याला पत्ताच नसतो. "मामू, यंत्र गप्प आहे म्हणजे ठीक आहे की मेलंय, हे यादीशिवाय कळायचं कसं?" भाचा विचारतो.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशाने १८० दिवसांच्या नोंदी जपणं आणि घुसखोरी सहा तासांत कळवणं बंधनकारक झालं. पण एका ठिकाणी जिन्याखालचा जुना सर्व्हर यादीतच नव्हता. चोर तिथूनच शिरला. नोंदी होत्या त्या त्याच सर्व्हरच्या पोटात. जाताना त्याने पुसून टाकल्या. कळवणार काय?

आता भाचा दर महिन्याला वॉचमनला घेऊन इमारतभर फिरतो, टेबलाखाली वाकून यंत्रं मोजतो.