शर्यतीपूर्वीची धास्ती आणि वेदनेची चाहूल
(शारीरिक शिक्षण शिक्षक व पालक यांच्यापुढे दिलेले भाषण)



शालेय क्रीडास्पर्धांच्या दिवशी एक दृश्य आपण नेहमी पाहतो. ८०० मीटरच्या शर्यतीत नाव दिलेला विद्यार्थी पोट दुखण्याचे निमित्त सांगून ऐन वेळी मागे सरतो. आपण त्याला भित्रा ठरवितो. वस्तुतः पुष्कळदा त्याला पराभवाचे भय नसते. शेवटच्या फेरीत पाय जड होतील, श्वास पुरणार नाही, या कल्पनेनेच तो खचलेला असतो. वेदना अद्याप यावयाची असते. तिची चाहूल मात्र आधीच पोहोचलेली असते.

ही चाहूल वेदनेचे मोजमापही बदलते. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा निरोगी व्यक्तींच्या पायाला उष्णतेचे चटके देण्यात आले. चटका सौम्य असेल अशी अपेक्षा असताना तीव्र चटका दिला, तेव्हा जाणवलेली वेदना सुमारे २८ टक्क्यांनी कमी भरली. उलटपक्षी, अधिक वेदनेची धास्ती असल्यास तोच चटका अधिक झोंबतो, हेही अशा अभ्यासांतून दिसून आले आहे.

मैदानावर याचे एक दुष्टचक्र होते. धास्तीने स्नायू आखडतात, श्वास उथळ होतो, धावपटू लवकर थकतो. त्रास लवकर सुरू होतो आणि पुढील शर्यतीची धास्ती वाढते.

हे चक्र छडीने तुटत नाही. ‘काही दुखणार नाही’ या खोट्या आश्वासनानेही नाही. कारण मुलाला स्वतःचा अनुभव ठाऊक असतो. त्याला खरे सांगावे: पाय जड होतील, दम लागेल, पण शर्यत संपल्यावर थोड्या वेळात हे ओसरेल. सरावात शेवटच्या फेरीचा वेग त्याला हळूहळू अंगवळणी पाडावा. ओळखीच्या त्रासाची भीती ओसरते.

परंतु एक भेद कधीही विसरू नये. श्रमाचा त्रास वेगळा, दुखापतीची वेदना वेगळी. सांध्यात कळ आली, सूज दिसली, छातीत दुखले अथवा घेरी आली, तर तत्काळ थांबावे व डॉक्टरांना दाखवावे. तेथे सोसणे हे शौर्य नव्हे. हा भेद मुलाला कळला, आणि थांबल्याबद्दल कोणी हसणार नाही याची खात्री पटली, तर तो निर्धास्तपणे शर्यतीच्या रेषेवर उभा राहील. एवढे आपल्या हाती निश्चित आहे.