कपाळावरचा उजेड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. पण अंधारात बॅटरीवर तळहात धरून पाहायला शाळा लागत नाही. बोटे लालेलाल दिसतात. 2020 साली करोनात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई बोटाला चिमटा लावीत, तो ह्याच उजेडावर चालतो. प्राणवायू भरलेले रक्त लालभडक, रिते झालेले काळपट; दोन्ही उजेड निरनिराळा शोषतात, त्यावरून आकडा निघतो. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, 1974 ची.

पण बोटाचा आकडा तो मेंदूचा नव्हे. मेंदू वजनाने देहाचा पन्नासावा हिस्सा, आणि प्राणवायू खातो पाचवा! पुरवठा तुटला की चार-पाच मिनिटांत इजा. 1977 साली अमेरिकेत फ्रान्स योब्सिस यांनी दाखवले, की तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड हाडातून मेंदूपर्यंत जातो. आता मोठ्या इस्पितळांत हृदयाच्या शस्त्रक्रियेवेळी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही, कपाळावर तशी पट्टी चिकटवतात. सुई नाही, रक्त नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. काळ्यासावळ्या कातडीवर बोटाचे यंत्र कधीकधी आकडा जास्त दाखवते, असे पाहणीत आढळले आहे. आणि आपण कोण गोऱ्या? उसाच्या फडात राबणाऱ्या आपल्या बायांना हे कोणीतरी सांगायला हवे. आकडा चांगला असला, तरी धाप लागली, ओठ निळसर झाले, तर थांबू नका. अंबाजोगाईचे सरकारी रुग्णालय गाठा. चिमटा लावण्याआधी नखांचा रंग तेवढा पुसा.