चूक शोधण्याची शिस्त



गणिताचा पेपर तपासतांना शेवटचें उत्तर पाहून फुली मारणें सोपें असतें. कोणत्या पायरीवर चूक झाली हें दाखविणें हें खरें शिक्षकाचें काम. संगणकाच्या प्रोग्रामांत हेंच काम करणारें एक साधन आहे. त्याचें नांव जीडीबी. रिचर्ड स्टॉलमन यांनीं तें १९८६ सालीं लिहिलें, आणि तें आजही विनामूल्य मिळतें. त्यांत चित्रें नाहींत, बटणें नाहींत. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावयाची व उत्तर वाचावयाचें, एवढाच व्यवहार.

त्याची गरज मला कशी पडली तें सांगतों. एका वसतिगृहांतील मुलांना शिष्यवृत्ति द्यावयाची होती. ५ विषयांच्या गुणांची सरासरी काढण्याचें काम मजकडे आलें, व त्यासाठीं मीं सी भाषेंत एक लहानसा प्रोग्राम लिहिला. यादी तयार झाली. परंतु एका मुलाची सरासरी ६८ पाहून मन साशंक झालें. कागदावर बेरीज केली ती ३१०, म्हणजे सरासरी ६२. या ६ गुणांच्या बळावर तो दुसऱ्या एका गरजू मुलाच्या पुढें जात होता. प्रोग्राम चार वेळां वाचला, पण चूक दिसेना. आपलेंच लिखाण वाचतांना, जें लिहावयाचें मनांत होतें तेंच डोळ्यांना दिसतें.

अखेर जीडीबीकडे वळलों. उबंटूसारख्या लिनक्स प्रणालींत 'सूडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल जीडीबी' ही आज्ञा दिली कीं तें यंत्रावर येतें. नंतर प्रोग्राम जीसीसी या कंपायलरांतून पुन्हां काढावा, व त्या वेळीं 'डॅश जी' ही खूण द्यावयास विसरूं नये; तिच्यामुळें ओळींचे क्रमांक व आपण दिलेलीं नांवें तयार प्रोग्रामांत टिकून राहतात. मग 'जीडीबी' हा शब्द व त्यापुढें प्रोग्रामचें नांव टंकावें.

त्या एकाच मुलाचे गुण मीं घेतले. बेरीज ११ व्या ओळींत होत होती, म्हणून 'ब्रेक ११' अशी आज्ञा देऊन तेथें थांबा नेमला व 'रन' म्हटलें. प्रोग्राम त्या ओळीशीं उभा राहिला. 'प्रिंट आय' असें विचारतांच फेरीचा क्रमांक आला ०. 'कंटिन्यू' म्हटलें कीं पुढची फेरी, आणि पुन्हां थांबा. संगणक शून्यापासून मोजतो. तेव्हां ५ विषय ० ते ४ यांत संपावयास हवेत. परंतु प्रोग्राम सहाव्यांदाही थांबला आणि आयची किंमत ५ दिसली! त्या जागीं कोणता आंकडा आहे असें विचारलें; उत्तर आलें ३०. तो त्या मुलाचा हजेरी-क्रमांक. गुणांच्या लगतच मीं तो सांठविला होता. '५ पेक्षां लहान' याऐवजीं '५ पेक्षां लहान किंवा समान' असें लिहिल्यामुळें तो गुणांत मिळत होता. ज्याचा क्रमांक मोठा, त्याचा लाभ मोठा! एक चिन्ह खोडलें, 'क्विट' म्हणून बाहेर पडलों, आणि यादी नव्यानें केली.

प्रोग्राम मध्येंच कोसळल्यास 'बॅकट्रेस' ही आज्ञा तो कोणकोणत्या वाटेनें तेथवर आला हें सांगते. मात्र हें साधन चूक सुधारीत नाहीं. कोठें थांबावें व काय विचारावें हें आपणच ठरवावें लागतें. आणि यादीवर सही करण्यापूर्वीं एक बेरीज हातानें करून पाहण्याची संवय नसती, तर जीडीबी उघडण्याची वेळच आली नसती.