लेकींनो, रिकाम्या पोटी धावू नका

(वरणगाव इथं महिला बचत गटांच्या सभेत एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेनं केलेलं हे भाषण. ज्या ताई त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



बचत झाली, हप्ते झाले, बँकेचे विषय झाले. आता माझा विषय आहे खेळाडूचा आहार. काही जणी मनात म्हणत असतील, "मॅडम, आम्ही काय ऑलिंपिकला चाललो?" थांबा जरा. ज्यांच्या घरातली मुलगी किंवा सून पोलीस भरतीची तयारी करते, त्यांनी हात वर करा. बघा, किती हात आले! आता ज्या निंदायला, कापूस वेचायला, केळीच्या बागेत कामाला जातात, त्यांनी करा. आता तर खाली कोणाचाच हात राहिला नाही. म्हणजे विषय आपलाच आहे.

एक गोष्ट सांगते. एका पहाटे मैदानावर सराव चालला होता. एक मुलगी तिसऱ्या फेरीला चक्कर येऊन खाली बसली. मी विचारलं, "रात्री काय खाल्लं गं?" म्हणाली, "अर्धी भाकरी. वजन कमी करायचंय." "आणि सकाळी?" "चहा." मग बाजूला घेऊन विचारलं, "पाळी वेळेवर येते का?" तिनं मान खाली घातली. चार महिन्यांपासून आली नव्हती. आईला वाटत होतं, पोरगी एवढी मेहनत करते, म्हणून होत असेल तसं. बायांनो, त्या पोरीच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. चुलीत जळण कमी होतं.

हे जळण शरीर कुठून आणतं, ते आपल्या बचतीच्या भाषेत सांगते.

आपल्याजवळ पैसे तीन ठिकाणी असतात. थोडे कमरेच्या बटव्यात, काही घरातल्या पेटीत आणि काही बँकेत मुदत ठेवीत. शरीराचंही तसंच आहे. रक्तातली साखर म्हणजे बटवा. ती थोडीच असते, पण लगेच हाताशी येते. भाकरी, भात, केळी, गूळ खाल्ल्यावर त्यांची साखर होते आणि उरलेली साखर शरीर पेटीत साठवून ठेवतं. पेट्या दोन आहेत. एक यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये. तिच्यात साधारण 100 ग्रॅम मावते. दुसरी स्नायूंमध्ये. तिच्यात 400 ग्रॅमच्या आसपास. आणि अंगावरची चरबी ही मुदत ठेव. ती बारीक बाईकडेही भरपूर असते. पण मुदत ठेव मोडायला वेळ लागतो. चरबीचंही तसंच. ती हळूहळू जळते आणि जळायला श्वासातला प्राणवायू जास्त लागतो.

आता कोणतं काम कशावर चालतं ते बघा. पाण्याचा हंडा झटक्यात उचलला, गोळा फेकला, तर काही सेकंदांपुरती शक्ती स्नायूत तयारच असते. शेतात दिवसभर सावकाश निंदणी चालते, तिला चरबी आणि साखर दोन्ही पुरवठा करतात. पण मुलगी 800 मीटर जीव तोडून धावते, तेव्हा तीन मिनिटांच्या आसपासचा खेळ असतो. तिथं मुदत ठेव मोडत बसायला वेळ नाही. स्नायूंच्या पेटीतली साखरच लागते. शेवटच्या दोनशे मीटरला छाती भरून येते, पाय शिशासारखे जड होतात, कारण प्राणवायू पुरत नाही आणि शरीर कमी प्राणवायूत साखर जाळतं. त्यात शक्ती लवकर मिळते, पण साखर फार खर्ची पडते.

मग कोणी म्हणेल, तीन मिनिटांत पेटी थोडीच रिकामी होणार? बरोबर आहे, एका धावण्यात होत नाही. पण आपली लेक एकदाच धावत नाही. रोज तास-दीड तास सराव करते, घरी येऊन भांडी घासते, पाणी भरते, मग क्लासला जाते. रात्री जेवली अर्धी भाकरी. आपण झोपतो तेव्हाही मेंदूला साखर लागते. ती यकृताची पेटी रात्रभर पुरवते. म्हणून सकाळी ती पेटी बरीचशी रिकामी झालेली असते. आणि स्नायू मोठे कंजूष! आपल्या पेटीतली साखर ते परत रक्तात सोडत नाहीत. त्यामुळे पायात साखर असली तरी डोक्याला मिळत नाही, आणि चक्कर येते.

हे मी मनानं सांगत नाही. 1967 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांना काही दिवस वेगवेगळं जेवण दिलं आणि मग थकेपर्यंत सायकल चालवायला लावली. ज्यांच्या जेवणात पिष्टमय पदार्थ, म्हणजे आपली भाकरी-भातासारखी वस्तू, फार कमी होती, ते सुमारे एका तासात थकले. नेहमीच्या जेवणावर जवळजवळ दोन तास चालले. आणि पिष्टमय पदार्थ भरपूर दिल्यावर पावणेतीन तासांच्या वर! माणसं तीच, पाय तेच. फरक फक्त ताटाचा.

आपल्या देशातलं उदाहरण पी. टी. उषाचं. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. पुढं तिनं स्वतः सांगितलं, की तिथलं जेवण तिला चालत नव्हतं, तांदळाची पेज आणि लोणचं यावर तिनं दिवस काढले, आणि शेवटच्या 35 मीटरला ताकद टिकली नाही. एवढी मोठी खेळाडू, तिचंही पोटावाचून अडलं.

आणि आपल्या महाराष्ट्रातली कविता राऊत घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं 10,000 मीटरमध्ये, म्हणजे मैदानाच्या 25 फेऱ्यांत, कांस्यपदक जिंकलं. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. लोक तिला "सावरपाडा एक्स्प्रेस" म्हणतात. पण एक्स्प्रेस झाली तरी इंजिनाला इंधन लागतंच. भुसावळच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला हे सांगायला नको!

आता कामाचं बोलते. लिहून घ्या.

पहिलं, रात्रीचं जेवण पूर्ण हवं. पहाटेच्या धावण्याची तयारी आदल्या रात्रीच्या ताटात होते. दोन-तीन भाकरी, वरण, भाजी.

दुसरं, पहाटे धावायच्या अर्धा तास आधी एक केळं. आपला जळगाव जिल्हा केळीचा. देशभर ट्रक भरून केळी पाठवतो आणि आपल्या लेकीला चहावर पळवतो! एका मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ असतात आणि ते पोटाला जडही होत नाही. केळं नसलं तर दोन खजूर किंवा गुळाचा खडा आणि पाणी. भरपेट जेवण मात्र धावण्याच्या दोन-तीन तास आधी व्हायला हवं.

तिसरं, धावून आल्यावर तासाभरात जेवण. तेव्हा स्नायू रिकामी पेटी भरून घ्यायला उत्सुक असतात आणि झालेली झीजही भरायची असते. झीज भरायला प्रथिनं लागतात. इथं आपल्या सासूबाईंचं शहाणपण बघा. कळण्याची भाकरी! ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असतं ते उडदात असतं. दोन्ही एकत्र दळलं की एकमेकांची उणीव भरून निघते. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही, याच्यापुढं कोणता डबा टिकतो?

डब्यावरून आठवलं. काही घरांत पोरांसाठी प्रोटीन पावडरचा डबा आणतात, त्यासाठी गटातून कर्जही काढतात. माय वं, कर्ज काढायच्या आधी हिशोब तर करा! 50 किलोच्या, रोज सराव करणाऱ्या मुलीला दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. तीन भाकरींतून 18 ग्रॅमच्या आसपास मिळतात. दोन वाट्या घट्ट वरणातून 14. मूठभर शेंगदाण्यांतून 7. वाटीभर मटकीच्या उसळीतून 7. पेलाभर दुधातून 6. दोन अंड्यांतून 12. बेरीज करा, 64 झाली. अंडं खात नसाल तर दही, हरभरे, फुटाणे वाढवा. डब्याच्या पैशात किती महिन्यांचे शेंगदाणे येतील, ते कोषाध्यक्षताई मला सांगतील. आणि मैदानावर कोणी ताकद वाढवायच्या गोळ्या किंवा इंजेक्शन देऊ केलं, तर मुलीला सरळ घरी आणा.

चौथं, पाणी. आपल्याकडचं ऊन तुम्हाला काय सांगायचं, मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. घामातून पाणी जातं, मीठही जातं. लघवी पिवळीजर्द झाली म्हणजे पाणी कमी पडलं. तासाभराच्या सरावाला साधं पाणी पुरतं. उन्हात जास्त वेळ काम असेल तर मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी घ्या. जुलाब झाले, फार अशक्तपणा आला, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ याहून जास्त घालू नका. आणि उन्हात कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर सावलीत आणा, अंगावर पाणी ओता आणि लगेच दवाखान्यात न्या. अशा माणसाला तोंडानं काही पाजत बसू नका.

पाचवं, लोह. पेटी भरलेली असली तरी जळण जाळायला प्राणवायू लागतो, आणि तो स्नायूंपर्यंत वाहून नेतं रक्तातलं हिमोग्लोबिन. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे या सभेत दोघींत एक तरी. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलेली मुलगी कितीही सराव करो, दम लागणारच. शाळेत आणि अंगणवाडीत किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते. ती वहीत लपवायची नाही, खायची. पालेभाजी, कडधान्यांवर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहा लोह अडवतो.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जेवण कमी आणि कष्ट जास्त झाले, की शरीर खर्चात कपात करतं. आधी पाळी बंद करतं. मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि साध्या सरावात पायाच्या हाडाला चीर पडते. सलग तीन महिने पाळी चुकली तर "मेहनतीनं होतं" म्हणून सोडू नका. कारण दुसरंही असू शकतं, म्हणून डॉक्टरांना दाखवा. त्या मुलीला मी तेच केलं. आईला बोलावलं, दवाखान्यात पाठवलं. हिमोग्लोबिन 9 निघालं. औषध सुरू झालं, ताट भरलं. काही महिन्यांनी पाळी सुरू झाली. त्या वर्षीची भरती तिची गेली. पण मला तिची आई म्हणाली, "मॅडम, भरती पुन्हा येईल. पोरगी सावरली."

आणि त्या आईनं आणखी एक सांगितलं, ते मी विसरत नाही. म्हणाली, "पोरगी माझ्यासोबत जेवायची. सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते आम्ही दोघी वाटून खायचो." बायांनो, अर्धी भाकरी नुसती वजनासाठी नव्हती. उरलेलं खायची सवय तिनं आईकडूनच घेतली होती.

म्हणून माझी गटाला दोनच मागणी आहेत. पुढच्या सभेच्या दिवशी आशाताईंना बोलवा आणि सगळ्या जणींचं, लेकीसुनांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. आकडा बचतीच्या वहीत लिहा. आणि आज घरी गेल्यावर लेकीला आणि स्वतःलाही सगळ्यांच्या पंगतीत वाढून घ्या. उरलं-सुरलं नाही, पहिल्या तव्याची भाकरी. दिवसभर शेतात राबणारी बाईही खेळाडूच असते. फरक एवढाच, की तिच्या शर्यतीला सुट्टी नसते.

जेवण तयार आहे असं अध्यक्षताई सांगतायत. चला, आज तरी आपण आधी जेवू.