विसार आणि बाकी



ख्रिस्ती माणसाला सार्वकालिक जीवन केव्हा मिळते? मेल्यावर, की विश्वास ठेवला त्याच दिवशी? प्रश्न सेमिनरीच्या वर्गातला वाटेल. पण आमच्या कळंबोलीत तो जिन्यात निघतो, प्रार्थनासभेनंतरच्या चहावर निघतो. सिडकोच्या या वसाहतीत कुणी नगर-जालन्याकडून आलेले, कुणी वसईचे, कुणी केरळातले. एकाच इमारतीत निरनिराळ्या मंडळ्यांची माणसे राहतात. एक जण आपुलकीने विचारतो, "तुमचं तारण झालंय का हो?" आणि दुसरा गोंधळून म्हणतो, "ते शेवटी देव ठरवील. आपण कोण सांगणार?" दोघेही बायबलच्याच आधाराने बोलत असतात, म्हणून वाद लवकर मिटत नाही.

पहिल्या तीन शुभवर्तमानांत पारडे 'नंतर'कडे झुकते. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू सांगतो की जो माझ्यासाठी घरदार सोडील त्याला या काळात शंभरपट मिळेल, सोबत छळही मिळेल, आणि सार्वकालिक जीवन मिळेल ते येणाऱ्या युगात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर आधी न्याय होतो, मगच नीतिमान त्या जीवनात जातात. योहानाचा सूर निराळा आहे. विश्वास ठेवणाऱ्याजवळ हे जीवन आहेच, तो मरण ओलांडून आलेला आहे, असे तो पुन्हा पुन्हा सांगतो. सतराव्या अध्यायातल्या प्रार्थनेत तर देवाची आणि त्याने पाठवलेल्याची ओळख म्हणजेच हे जीवन, असे येते. ओळख काही मरणानंतरसाठी राखून ठेवता येत नाही.

गंमत अशी की याच योहानाने सहाव्या अध्यायाच्या 40 व्या वचनात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसवल्या आहेत: विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन, आणि शेवटल्या दिवशी त्याचे उठवले जाणे. आपण ज्यावरून दोन गट पाडतो, ते त्याने एका दमात सांगून टाकले.

पौलाने यासाठी थेट बाजारातला शब्द घेतला, विसार. इफिसकरांना लिहिताना तो पवित्र आत्म्याला येणाऱ्या वारशाचा विसार म्हणतो. कळंबोलीत घराचा व्यवहार केलेल्या माणसाला हे फोड करून सांगावे लागत नाही. विसार म्हणून हातात आलेले पैसे खरेच असतात. ते किमतीतलेच असतात, वरची भेट नसते. पण तेवढ्यावर कुणी खरेदीखत करून किल्ली देत नाही. बाकी यायची असते. सार्वकालिक जीवनाचे तसेच आहे असे मला वाटते. मिळालेले खरे आहे आणि अपुरे आहे.

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त शिकवले ते पंडिता रमाबाईंच्या चरित्राने. 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत व्याख्याने दिली, 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. पाहणाऱ्याला वाटावे, बाई आता पुरत्या ख्रिस्ती झाल्या. स्वतः रमाबाईंना तसे वाटत नव्हते. 1907 च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे धर्म आपल्या हाती होता, ख्रिस्त सापडला नव्हता. या शोधात त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम यांचे 'फ्रॉम डेथ इंटू लाइफ' हे पुस्तक आले. हॅस्लम कॉर्नवॉलमधले पाळक, आणि त्यांचे मन पालटले ते व्यासपीठावर उभे राहून स्वतः उपदेश देत असताना! आमच्या पाळकमंडळींनी हे जरूर वाचावे. पुस्तक वाचून रमाबाईंना प्रश्न पडला तो स्वतःविषयी: हे जीवन आज माझ्याजवळ आहे का? मेल्यावर काय होईल, ही चौकशी त्यात नव्हती.

आणि ते सापडल्यावर त्या आकाशाकडे डोळे लावून बसल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो जणी आल्या. शेती, विणकाम, अंध मुलींचे शिक्षण, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, असा पसारा वाढत गेला. 1905 साली केडगावला झालेल्या आत्मिक जागृतीविषयी देशोदेशीच्या लोकांनी लिहिले आहे. मला तिथल्या छापखान्याचे कौतुक अधिक. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले आणि ते आश्रमातच छापायला घेतले.

पण 'सगळे आत्ताच मिळाले' असे म्हणणाऱ्याने इथे थोडे थांबावे. 1921 च्या जुलैत त्यांची एकुलती लेक मनोरमा गेली. कामात उजवा हात तीच होती. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. छापील बायबल आले ते 1924 साली. लेक गमावलेल्या आईला 'तुला जीवन मिळालेलेच आहे' एवढे सांगून भागत नाही. तिला बाकीही हवी असते.

येशूला भेटायला गावाबाहेर आलेली लाजरसाची बहीण मार्था हेच बोलते. भाऊ शेवटल्या दिवशी उठेल हे तिला पाठ आहे, पण आज ते पुरत नाही. येशू तिचा शेवटला दिवस खोडून काढत नाही. तो स्वतःला तिच्यासमोर ठेवतो, पुनरुत्थान मीच आहे म्हणतो. उलट, पुनरुत्थान होऊन गेले असे शिकवणाऱ्या हुमनाय आणि फिलेत यांना तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात कडक शब्द ऐकावे लागतात. वेल्श पंडित सी. एच. डॉड यांनी 1935 च्या सुमारास देवाचे राज्य आलेलेच आहे हा विचार जोरात मांडला. त्यांचे ऋण मोठे आहे, पण शेवटल्या दिवसाला त्यांनी फारच आवरते घेतले.

मराठी मनाला मात्र 'आत्ता'ची ओढ जुनीच आहे. आमच्या कळंबोलीहून निघणारा द्रुतगती मार्ग देहूरोडजवळ संपतो. त्या देहूच्या तुकोबांना मोक्षापेक्षा संतांचा संग प्यारा होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे नारायण वामन टिळक सांगत. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' भरवायला घेतला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. राज्य येईल तेव्हा येईल म्हणत ते थांबले नाहीत.

तारणाची तारीख वहीत लिहून ठेवणाऱ्यांची मी चेष्टा करणार नाही. माझी कसोटी तेवढी वेगळी आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात मरणातून जीवनात आल्याची खूण दिली आहे ती भावांवरच्या प्रीतीची. आणि लूकच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री विचारतो, सार्वकालिक जीवन मिळायला मी काय करू? त्याला कालगणना मिळत नाही. मिळते ती यरीहोच्या रस्त्यावर पडलेल्या जखमी माणसाची आणि थांबलेल्या शोमरोनी वाटसरूची गोष्ट.

आपण तर महामार्गाच्या तोंडाशीच राहतो. पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार, म्हणून अनेक जण गाडी पुढे काढतात. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले आहे. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तेव्हा कुणी पडलेले दिसले, तर गाडी बाजूला घ्या आणि 108 ला फोन लावा.