कामगार हाच धनी

कारखान्याचा खरा धनी कोण, हा वाद यंत्रयुगाइतकाच जुना आहे. उत्तर स्पेनमधील बास्क प्रदेशांत, डोंगरांनीं वेढलेल्या माँद्रागोन गांवानें त्याला कृतीनें एक उत्तर दिलें.

यादवी युद्धाचे घाव ताजे असतां, १९४१ सालीं, होसे मारिया अरिस्मेन्दिअरिएता हे तरुण धर्मगुरु तेथें आले. गांवचें दैन्य पाहून त्यांनीं अन्नछत्र नव्हे, तर १९४३ सालीं तंत्रशाळा काढली. विद्या हातीं आल्यावांचून सत्ता हातीं येत नाहीं, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या पांच शिष्यांनीं १९५६ सालीं ‘उल्गोर’ हा कारखाना उभारला. पांचांच्या नांवांतील अक्षरें जुळवून हें नांव झालें होतें. आरंभीं तेथें स्टोव्ह होत. पुढें शीतकपाटें व धुलाईयंत्रें आलीं.

तेथील घडी अशी. सभासद होतांना प्रत्येकानें भांडवलाचा वांटा भरावयाचा. मत मात्र प्रत्येकास एकच. सर्वांची सभा नियामक मंडळ निवडते आणि तें मंडळ व्यवस्थापक नेमतें. प्रारंभीं सर्वांत वरचें वेतन सर्वांत खालच्याच्या तिपटीहून अधिक नसे. पुढें हें प्रमाण वाढलें. नफ्यांतील वांटा सभासदाच्या खात्यावर जमा होतो आणि निवृत्तीच्या वेळीं हातीं पडतो. १९५९ सालीं या मंडळींनीं स्वतःची बँक काढली. पुढें विम्याचीहि व्यवस्था केली. एका कारखान्यांत काम घटलें, तर सभासदांस दुसऱ्यांत सामावून घेण्याचा प्रयत्न होतो.

पण मालकी म्हणजे केवळ लाभ नव्हे. उल्गोरची परंपरा चालविणारा फागोर हा गृहोपयोगी यंत्रांचा कारखाना २०१३ सालीं बुडाला. २००८ नंतर स्पेनमधील घरबांधणी थंडावली होती, कर्ज डोईजड झालें होतें, आणि भगिनीसंस्थांनीं अखेर मदतीचा हात आंखडता घेतला. बहुतेक सभासदांना इतरत्र काम वा मुदतपूर्व निवृत्तिवेतन मिळालें. परंतु कित्येकांची कारखान्यांत गुंतविलेली पुंजी गेली. फ्रान्स व पोलंड येथील त्याच्या कारखान्यांतले कामगार तर सभासदच नव्हते. त्यांना हा आधार नव्हता.

धनी होणें म्हणजे नफ्याबरोबर तोट्याचाहि वांटेकरी होणें. सहकार संकट टाळूं शकत नाहीं. संकटांत एकट्यास सोडावयाचें नाहीं, एवढें मात्र तो ठरवूं शकतो. पण तें वचन सभासदत्वाच्या कुंपणाबाहेर कितपत पोंचावें, हा प्रश्न माँद्रागोनलाहि अद्याप पुरता सुटलेला नाहीं.