चिलखत कोणासाठी?



१ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनीही, गडचिरोलीतील जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ पोलीस जवान व एक चालक ठार झाले. गाडी खासगी होती. तिला चिलखत नव्हते. संरक्षणखर्चावर टीका करणे हे समाजवाद्यांचे कर्तव्यच आहे. पण ती करताना हे सोळा जण विसरून चालणार नाही.

चिलखताचे अर्थकारण इराकमध्ये उघडे पडले. डिसेंबर २००४ मध्ये कुवेतमधील छावणीत एका अमेरिकी सैनिकाने संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना विचारले की, गाड्यांना ठोकण्यासाठी आम्हांला भंगाराच्या ढिगातून पत्रे का उपसावे लागतात? असेल त्या सैन्यानिशी युद्धाला जावे लागते, असे उत्तर मंत्रिमहोदयांनी दिले. जगातील सर्वांत मोठे संरक्षण अंदाजपत्रक ज्यांच्या हाती, त्यांचे हे उत्तर! पुढे 'हमवी' गाड्यांवर पोलादी तक्ते चढले. वजनाने इंजिने व कमानी झिजल्या. तळ मात्र सपाटच राहिला आणि स्फोटाचा दणका थेट आत बसत राहिला. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा निमुळता, जमिनीपासून उंच तळ हा दणका बाजूंना फेकतो, हे दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकातच सिद्ध झाले होते. फेब्रुवारी २००५ मध्ये इराकमधील मरीन दलाने अशा १,१६९ गाड्या तातडीने मागितल्या. मागणी कागदांत अडकली, कारण भावी काळातील महागड्या योजनांच्या निधीला हात लावण्यास कोणी तयार नव्हते. मे २००७ मध्ये नवे मंत्री गेट्स यांनी या गाड्यांना अग्रक्रम दिल्यावर चार हजार कोटी डॉलरांहून अधिक रक्कम पाहता पाहता उभी राहिली. तेव्हा पैसा नव्हता असे म्हणता येत नाही. शिपायाचा जीव वाचविणारी गाडी कोणत्याही सेनापतीच्या स्वप्नातली नव्हती, एवढेच.

या गाडीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेची 'कास्पिर' गाडी नामिबियाच्या सीमेवर सुरुंगांपासून शिपायांना वाचवीत असे. १९८० च्या दशकात वर्णद्वेषी राजवटीने तीच कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत घुसविली. अमेरिकेतही युद्धातून उरलेल्या गाड्या गावोगावच्या पोलिसांना वाटण्यात आल्या. २०१४ साली फर्ग्युसनमध्ये निदर्शकांपुढे चिलखती वाहने उभी ठाकल्यावर देशभर ओरड झाली. २०१५ मध्ये ओबामांनी या वाटपावर काही निर्बंध घातले. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ते उठविले.